चिपाडातलं नॅनोसेल्युलोज मुठेच्या पाण्यात का हरतं?

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रसवंतीवरून आणलेल्या उसाच्या चिपाडापासून सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीनं नॅनोसेल्युलोज (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण) बनवलं आणि ओव्हनमध्ये वाळवून त्याची पावडर केली. १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, लिटरला १० मिलिग्रॅम शिसं असताना, अर्धा ग्रॅम पावडर टाकली की ९८ टक्के शिसं निघतं. मुठा नदीच्या पाण्यात तेवढंच शिसं मिसळून तोच प्रयोग केला तर २० टक्केही निघत नाही. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक तर कुठल्याच पाण्यातून निघत नाही. काय चुकतंय? दुसरं म्हणजे, झाडापासून केलेलं असंच नॅनोसेल्युलोज रक्तातलं केमोचं जास्तीचं औषध पकडतं असं वाचलं. माझ्या मावशीची केमो चालू आहे. लाल औषध देतात. तिला याचा काही उपयोग होईल का?"

मावशींचं आधी सांगतो, शिसं थांबू शकतं.

उपयोग होणार नाही. हे काम अजून प्रयोगशाळेतलं आहे, ते उपचार म्हणून कुठल्या रुग्णालयात मिळत नाही. 'नॅनो हर्बल डिटॉक्स' म्हणून कुणी पुडी घेऊन आलं तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवा. तुम्ही जे वाचलंत ते बहुधा पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या अमीर शेखी यांच्या गटाचं काम असावं. लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन. त्याचा रेणू शरीरातल्या पाण्यात धन भाराचा असतो. या गटानं बनवलेल्या 'केसाळ' नॅनोसेल्युलोजवर ऋण भार खच्चून भरलेला असतो, म्हणून औषध त्याला जाऊन चिकटतं. एका ग्रॅमला ६ ग्रॅमहून जास्त औषध पकडलं, असा त्यांचा आकडा आहे, आणि तो खरोखर मोठा आहे. पण तो परीक्षानळीतला आहे, माणसाच्या शिरेतला नाही.

शिवाय हे कशासाठी चाललंय तेही नीट समजून घ्या. यकृताच्या कर्करोगात कधी कधी औषध थेट यकृताच्या धमनीत सोडतात. गाठीनं न वापरलेलं औषध शिरेवाटे बाहेर पडून हृदयाकडे निघतं. त्याला वाटेतच गाठून पकडायचं, अशी ही कल्पना. कॅलिफोर्नियात निताश बलसारा आणि स्टीव्हन हेट्स यांच्या गटांनी २०१९ मध्ये त्रिमितीय छपाईनं बनवलेली एक जाळीदार नळी डुकरांच्या शिरेत बसवून सुमारे ६४ टक्के डॉक्सोरुबिसिन अडवून दाखवलं. ती जाळी नॅनोसेल्युलोजची नव्हती, पण युक्ती तीच: ऋण भाराचं अस्तर. आता मावशींना जर हातातल्या शिरेतून किंवा पोर्टमधून औषध देत असतील, तर ते अंगभर फिरणंच अपेक्षित आहे. ते मध्येच पकडणं म्हणजे एका हातानं वाढायचं आणि दुसऱ्या हातानं ताट ओढायचं.

हृदयाची काळजी असेल तर ती रास्त आहे. हे औषध हृदयाच्या स्नायूला त्रास देतं, म्हणून आयुष्यभरात मिळून किती द्यायचं याला मर्यादा असते (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम). म्हणूनच टू-डी इको करतात. आतापर्यंत एकूण डोस किती झाला आणि पुढचा इको कधी, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारा. ते हक्कानं विचारायचे प्रश्न आहेत, त्यात भीड नको. औषध दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, औषधाचाच रंग असतो. घरात संडासात दोनदा पाणी सोडा, आणि मावशींचे कपडे-चादरी धुणाऱ्यानं त्या दिवसांत हातमोजे घालावेत. हेच पाणी पुढे ड्रेनेजला जातं. तुमचा प्रकल्प आणि मावशींची केमो यांची गाठ खरं तर इथे पडते, रक्तात नव्हे.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ.

वनस्पतीनं पाणी साफ करायचं हे आपल्याला नवं नाही. निवळीची बी माठाच्या आतल्या बाजूला घासली की गढूळ पाणी खाली बसतं. 'पाणी निवळलं' म्हणताना आपण नकळत त्याच झाडाची आठवण काढतो. शेवग्याच्या बियाही तेच करतात. शेवग्याच्या बीमधलं प्रथिन धन भाराचं, पाण्यातली माती ऋण भाराची. दोघं भेटले, भार फिटला, गाठी झाल्या, तळाशी बसल्या. आजीला भारबीर ठाऊक नव्हतं, पण कुठली बी चालते आणि कुठली नाही हे पक्कं ठाऊक होतं. निवळीचं नुसतं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही, असं एक जुनं संस्कृत वचन आहे. 'नॅनो' या शब्दाला ते तंतोतंत लागू पडतं. वस्तू वनस्पतीची आहे म्हणून ती धातू पकडत नाही, आणि बारीक आहे एवढ्यानंही नाही. तिच्या अंगावर कोणता भार आहे, किती आहे आणि समोरच्या पाण्यात त्याला गिऱ्हाईक कोण कोण आहे, यावर सगळं ठरतं.

तुमच्या पावडरीचा हिशोब मांडू. सल्फ्युरिक आम्लानं सेल्युलोजचे ढिले भाग विरघळून जातात आणि घट्ट स्फटिक उरतात: ५ ते १० नॅनोमीटर जाड, १००-२०० नॅनोमीटर लांब काड्या. त्यांच्यावर थोडे सल्फेट गट चिकटतात. थोडे म्हणजे ग्रॅमला ०.३ मिलिमोलच्या आसपास (मिलिमोल हे रेणू-आयनांची संख्या मोजायचं एकक). शिशाच्या आयनावर दोन धन भार, म्हणजे त्याला दोन जागा लागतात. तुमच्या अर्ध्या ग्रॅममध्ये ०.१५ मिलिमोल भार आहे, म्हणजे ०.०७५ मिलिमोल शिशाला पुरेल एवढी जागा. बाटलीत शिसं किती? एक मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.००५ मिलिमोल. पंधरा खुर्च्या आणि पाहुणा एक. ९८ टक्के येणारच. उलट ते आलं नसतं तर मी काळजी केली असती.

म्हणूनच 'इतके टक्के निघालं' या आकड्यावर माझा जीव जडत नाही. पावडर दुप्पट टाका, टक्के वाढतील. ग्रॅममागे किती पकडलं ते काढा: तुमचं उत्तर १.९६ मिलिग्रॅम येतं. ही तुमच्या पदार्थाची ताकद नव्हे, तुम्ही त्याला जेवढं वाढलंत तेवढंच त्यानं खाल्लं. शिशाची मात्रा वाढवत न्या, जिथे आकडा वर चढायचा थांबेल ती खरी क्षमता. ०.३ मिलिमोलच्या हिशोबानं ती ग्रॅमला ३१ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवी. शंभर आली तर आनंद करू नका, चूक शोधा.

आता मुठा. पाणी कुठून घेतलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. खडकवासला धरणाच्या वरचं आणि शहरात ओंकारेश्वरापाशी घेतलेलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण समजा लिटरला ६० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. आपल्याकडे बेसॉल्टच्या दगडातून आलेल्या, त्यात सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात एवढं असणं काही विशेष नाही. तर १०० मिलीत ६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिमोल कॅल्शियम झालं. तुमच्याकडे जागा ०.०७५ मिलिमोलची. एकट्या कॅल्शियमलाच दुप्पट खुर्च्या हव्यात, आणि एका शिशामागे तीस कॅल्शियम रांगेत उभे आहेत. मॅग्नेशियम आणि सोडियम तर अजून मोजलेच नाहीत. खऱ्या दूषित पाण्यात शिसं लिटरला १० मिलिग्रॅम नसतं, त्याच्या शंभराव्या-हजाराव्या हिश्शात असतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको. तिथे ही रांग हजारोंची होते.

मग हे कधीच जमणार नाही का? जमतं, पण खुर्ची बदलावी लागते. सल्फेट गट शिसं आणि कॅल्शियम यांत फारसा भेदभाव करत नाही. कार्बॉक्सिल गट तसा नाही. तो शिशाला आणि तांब्याला कॅल्शियमपेक्षा बराच घट्ट धरतो. खुर्चीवर कॅल्शियम बसलेलं असलं तरी शिसं आलं की कॅल्शियमला उठावं लागतं. म्हणून या कामात सगळे कार्बॉक्सिलच्या मागे असतात.

कार्बॉक्सिल बसवायचे तीन रस्ते माझ्या हाताखालचे आहेत. पहिला टेम्पो. मार्केट यार्डातला नव्हे, त्या नावाचं एक उत्प्रेरक संयुग. टोकियो विद्यापीठातल्या अकिरा इसोगाई यांच्या गटानं ही वाट रुळवली. त्यानं ग्रॅमला दीड मिलिमोलच्या आसपास कार्बॉक्सिल सहज मिळतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जमण्यासारखं आहे, फक्त पीएच १० वर राखत मीटरपाशी तास-दोन तास बसायची तयारी हवी. दुसरा, नायट्रिक आम्ल आणि सोडियम नायट्राइटचा. स्टोनी ब्रुक विद्यापीठातल्या बेंजामिन शियाओ यांच्या गटानं तो कच्च्या वनस्पतीवरच चालवून दाखवला, आधी लगदा शुभ्र करत बसायला नको. स्वस्त आहे, पण तांबूस धूर निघतो. चांगला फ्यूम हूड (विषारी वायू ओढून घेणारं कपाट) नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तिसरा रस्ता केसाळ काड्यांचा, आणि तो मला सगळ्यांत सुंदर वाटतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात थिओ फान द फेन यांच्याकडे तो घडला, शेखी तिथलेच विद्यार्थी. सल्फ्युरिक आम्ल ढिले भाग सरळ कापून टाकतं. इथे ते कापत नाहीत. परआयोडेटनं ग्लुकोजच्या कड्यामधला एक बंध तोडतात, तिथे दोन अल्डिहाइड तयार होतात, मग क्लोराइटनं त्यांचे दोन कार्बॉक्सिल करतात. स्फटिकाचा गाभा तसाच राहतो आणि दोन्ही टोकांना ढिल्या साखळ्या लोंबत राहतात. दातवण चावल्यावर त्याच्या टोकाचा कुंचला होतो ना, तसं, पण दोन्ही टोकांना. भार त्या कुंचल्यात भरलेला असतो: ग्रॅमला ५-६ मिलिमोल, म्हणजे तुमच्या पावडरीच्या वीसपट.

याची गंमत हिशोबात दिसते. ६ मिलिमोल भार म्हणजे दोन भारांचं तांबं ३ मिलिमोल, गुणिले ६३.५, झाले १९० मिलिग्रॅम. २०१५ मध्ये या काड्यांनी तांबं पकडल्याचा आकडा आला होता १८५ च्या आसपास. कागदावरचा आणि बाटलीतला हिशोब इतका जुळला की मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं होतं. डॉक्सोरुबिसिनचा मात्र जुळत नाही. त्याच्यावर एकच भार, रेणुभार ५४३.५, म्हणजे भारावर भार फिटवून फार तर सव्वातीन ग्रॅम पकडलं जायला हवं. आकडा त्याच्या जवळपास दुप्पट. कारण हे चपटे रेणू एकमेकांवर चवडीनं रचले जातात. पहिला काडीला चिकटतो, दुसरा पहिल्याला. धातूंचे आयन असं करत नाहीत. तेव्हा औषधाचा मोठा आकडा बघून धातूची तेवढीच आशा धरू नये.

ते बाटलीत होताना दिसतं कसं, हे तुम्ही एकदा तरी बघा. केसाळ काड्यांचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं, उजेडाकडे धरलं तर किंचित निळसर झाक. त्यात पिपेटनं तांब्याचं द्रावण थेंबथेंब सोडलं की पहिले काही थेंब नुसते विरून जातात, काही होत नाही, आणि मग एका थेंबाला दूध फाटावं तसं सगळं फाटतं. निळसर चोथा तरंगत-तरंगत खाली बसतो. वरचं पाणी पुन्हा नितळ. भार फिटला की काड्या एकमेकींना ढकलायच्या थांबतात आणि गोळा होतात. म्हणजे पकडणं आणि गाळणं एकाच वेळी उरकतं. शेवग्याच्या बीचंच काम, उलट्या भारानं.

वाईट बाजूही सांगतो, कारण बातम्यांत ती नसते. परआयोडेट एका ग्लुकोजच्या कड्याला एक लागतं. १६२ ग्रॅम सेल्युलोजला २१४ ग्रॅम सोडियम परआयोडेट, सगळे कडे तोडायचे ठरवले तर. किलोला सव्वा किलोहून जास्त. आणि ते स्वस्त रसायन नाही. उरलेलं आयोडेट परत मिळवून पुन्हा वापरायची सोय नसेल तर 'हिरवं तंत्रज्ञान' हे शब्द जपून वापरा. चिपाड हिरवं असतं, बाजूच्या बाटल्या नसतात. आणि चिपाडही 'टाकाऊ' म्हणून लिहू नका, परीक्षक साखर कारखान्याच्या भागातला निघाला तर पंचाईत होईल. कारखान्यात बगॅस, म्हणजे हेच चिपाड, बॉयलरला जातो, त्यावर वीज होते, कागदाला जातो. त्याला भाव आहे. फुकट असतं ते फक्त रसवंतीवाल्याचं, आणि त्यात लिंबू आणि आल्याची सालं पिळलेली असतात.

आता तुमच्या पद्धतीतल्या तीन गोष्टी खटकल्या.

ओव्हन. नॅनोसेल्युलोज ओव्हनमध्ये वाळवलं की काड्या एकमेकींना अशा घट्ट चिकटतात की पाण्यात टाकून पुन्हा सुट्या होत नाहीत. ओला पापड आणि वाळलेला पापड यात जेवढा फरक तेवढा. तुमच्या हातात आता जे आहे ते नॅनो नव्हे, सेल्युलोजची बारीक रवाळ पूड आहे. पाण्यातच ठेवा, फ्रिजमध्ये, आणि त्यात घन पदार्थ किती टक्के आहे ते थोडं वाळवून मोजून ठेवा. फारच गरज असेल तर फ्रीझ ड्रायर वापरा.

गाळणं. सुट्या काड्या १०० नॅनोमीटरच्या आणि तुमचा फिल्टर, नेहमीचा असेल तर, ०.४५ मायक्रॉनचा, म्हणजे ४५० नॅनोमीटरचा. शिसं पकडून बसलेली काडी फिल्टरमधून सरळ पलीकडे जाते, धातू मोजणाऱ्या एएएस यंत्राच्या ज्वाळेत जळते, आणि यंत्र म्हणतं की शिसं पाण्यातच आहे. म्हणजे चांगला नॅनो पदार्थ बनवलात तर आकडा वाईट दिसेल, आणि वाईट बनवलात तर चांगला! यावर उपाय डायलिसिसची पिशवी किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन. तेही नसेल तर जोरदार सेंट्रिफ्यूज करा, आणि वरच्या पाण्यात सेल्युलोज उरलं का ते फिनॉल-सल्फ्युरिकच्या चाचणीनं तपासा.

रिकामी बाटली. सेल्युलोज न टाकता बाकी सगळं तसंच करायचं आणि मोजायचं. माझ्याकडे एका मुलानं पीएच ८ ला ९९ टक्के तांबं काढून दाखवलं होतं. पेढे आणले होते. मी म्हटलं, रिकाम्या बाटलीचा आकडा? तो केलाच नव्हता. केला, तर ९७. त्या पीएचला तांबं हायड्रॉक्साइड होऊन आपोआप खाली बसतं, सेल्युलोजचा त्यात काही संबंध नव्हता. पेढे मात्र आम्ही खाल्ले. शिशाचंही तेच, नदीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट शिशाला कार्बोनेट करून बसवतं. औषधांच्या बाबतीत तर बाटलीची भिंतच काही रेणू खाऊन टाकते. उलट पीएच २-३ ला नेलंत तर कार्बॉक्सिलवर हायड्रोजन येऊन बसतो आणि पकड सुटते. ती कमजोरी नव्हे, पकडलेला धातू सोडवून घ्यायची ती किल्ली आहे. सौम्य आम्लानं धुवायचं आणि तेच सेल्युलोज पुन्हा वापरायचं. पाच वेळा तरी करून बघा आणि दर वेळचा आकडा द्या.

डायक्लोफिनॅकचा प्रश्न सोपा आहे. तो साधारण ४ पीएचच्या वर ऋण भाराचा होतो. तुमचं सेल्युलोजही ऋण. कार्बॉक्सिल लावलेत तर आणखी दूर पळेल. 'औषधं पकडणारं' असं सरसकट काही नसतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन पाण्यात कायम धन भाराची असते, आणि लाखो लोकांच्या लघवीतून जवळजवळ जशीच्या तशी बाहेर पडते. तुमच्या कार्बॉक्सिल सेल्युलोजला ती योग्य गिऱ्हाईक आहे. रक्तदाबावरची प्रोप्रॅनोलॉलही. पॅरासिटामॉल आणि फिटवरची कार्बामाझेपिन यांच्यावर नदीच्या पीएचला भारच नसतो, त्यांच्यासाठी नारळाच्या करवंटीचा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वापरा आणि मोकळे व्हा, नॅनोचा हट्ट नको. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकावर दोन्ही भार असतात, ते पीएचप्रमाणे बाजू बदलतं. ते सोपं नाही, पण महत्त्वाचं आहे: हैदराबादजवळच्या पतनचेरूला औषध कारखान्यांच्या सांडपाणी प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, तो अभ्यास २००७ साली छापून आला. डायक्लोफिनॅकच हवं असेल (आणि गिधाडं मेली त्या औषधावर काम करावंसं वाटणं मी समजू शकतो, जनावरांसाठीचं ते २००६ मध्ये बंद झालं, माणसांसाठीचं आजही विकलं जातं), तर अल्डिहाइडवर चतुर्थक अमोनियमचा (कायम धन भाराचा) गट बसवून धन भाराचं केसाळ सेल्युलोज बनवा. तेच सेल्युलोज सहा संयुजेचं (हेक्साव्हॅलंट) क्रोमियमही धरेल, कारण ते पाण्यात क्रोमेट म्हणजे ऋण आयन म्हणून असतं. प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देण्याच्या) पाण्यातलं क्रोमियम कार्बॉक्सिलनं धरायला निघालेले किती प्रबंध मी वाचलेत, मोजदाद नाही.

प्लेटिंगवरून माझी एक फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये निकलचं रिन्स पाणी घ्यायला गेलो होतो. आमचं सेल्युलोज प्रयोगशाळेत निकल छान पकडत होतं. कॅन भरून आणलं, तीन आठवडे घालवले, शून्य. पीएच बदलला, मात्रा चौपट केली, काही नाही. शेवटी पुन्हा गेलो तर बाथवर उभा असलेला ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे इलेक्ट्रोलेसचं पाणी आहे, यात निकल बांधून ठेवलेलं असतं. तुम्ही पलीकडच्या टाकीचं विचारायला हवं होतं." इलेक्ट्रोलेस, म्हणजे विजेशिवाय मुलामा देण्याच्या, बाथमध्ये निकल खाली बसू नये म्हणून सायट्रेटसारखी संयुगं घालतात. ती निकलला चारी बाजूंनी कवटाळतात आणि धन निकलची ऋण पुरचुंडी होते. आमचं ऋण सेल्युलोज तिच्यापुढे तीन आठवडे हात जोडून उभं होतं. आम्ही पीएच.डी. झालेले चौघं होतो, कुणाच्याही डोक्यात आलं नाही. पलीकडच्या टाकीचं पाणी घेतलं, त्यात पकड आली. पण मालकानं विचारलं की खर्च किती, आणि त्यांच्या ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात) चुना टाकून गाळ बसवायला किती लागतं ते सांगितलं. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी म्हणतो की मोठा भार चुन्यानं काढा, आणि चुना जे शेवटचं थोडंसं सोडतो तिथे नॅनोसेल्युलोज आणा. किंवा पकडलेली वस्तूच मोलाची असेल तिथे. शेखी यांच्या गटानं याच काड्यांनी निओडिमियम पकडलंय, मोटारींच्या आणि हार्ड डिस्कच्या चुंबकांतलं. तीन भारांचा आयन, घट्ट बसतो, आणि परत मिळाला तर विकता येतो.

पुण्यात या कामाचा वारसा आहे, तोही वाचून ठेवा. हडपसरच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेचा फिल्टर घडला आणि २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' म्हणून बाजारात आला. राखेवर चांदीचे नॅनोकण होते. त्याचं लक्ष्य जंतू होते, धातू नव्हेत, आणि हे त्यांनी पहिल्यापासून नक्की केलेलं होतं. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, चिपाडाची माहिती तिथल्या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. मार्गदर्शकांचं पत्र घेऊन जाऊन भेटा.

उरलेल्या वेळात मी तुमच्या जागी काय केलं असतं? रसवंतीचं चिपाड भरपूर धुतलं असतं, कॉस्टिक सोड्यात शिजवलं असतं, आम्लधर्मी क्लोराइटनं शुभ्र केलं असतं (पिवळा वायू निघतो, हूडबाहेर करू नका), मग टेम्पो. सगळ्यांत आधी कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन (विद्युतवाहकता मोजत केलेलं मापन) करून ग्रॅमला किती कार्बॉक्सिल आले ते मोजलं असतं. तो एक आकडा नसेल तर पुढचे सगळे आलेख हवेत. मग थेट नदीत उडी न मारता, ऊर्ध्वपातित पाण्यात आधी फक्त सोडियम, मग कॅल्शियम, मग बायकार्बोनेट, मग ह्यूमिक आम्ल (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारं), असं एकेक घालत शिशाची पकड कुठे ढासळते ते बघितलं असतं. त्यानंतर नळाचं पाणी आणि शेवटी मुठा. ती पकड ढासळण्याची कहाणी हाच तुमचा प्रबंध. ९८ टक्क्यांचे प्रबंध कपाटभर पडलेत.

औषधाच्या जागी नमुना म्हणून मेथिलीन ब्लू हा रंग घ्या. धन भाराचं, चपटं, स्वस्त, ६६४ नॅनोमीटरला दिसतं, आणि डॉक्सोरुबिसिनसारखंच चवडीनं बसतं. जमलं तर पुढे मेटफॉर्मिन. खरं डॉक्सोरुबिसिन कॉलेजच्या बाकावर आणायचं नाही, कितीही इच्छा असली तरी. ते पेशी मारणारं औषध आहे आणि त्याच्या सांडलेल्या थेंबाचीही वेगळी विल्हेवाट लागते. मावशींच्या वॉर्डातल्या सिस्टर ते कसं हाताळतात ते बघितलंत तर पटेल.

सेल्युलोज सुटं वापरायचं नसेल तर अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातल्या चिकट पदार्थात) मिसळून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंब सोडा, भिजलेल्या साबुदाण्याएवढे मणी होतात. ते नळीत भरता येतात, गाळायची कटकट संपते. पण मग पकड सेल्युलोजची की अल्जिनेटची, हा प्रश्न परीक्षक विचारणारच, तेव्हा नुसत्या अल्जिनेटचे मणीही बाजूला ठेवा.

टायट्रेशनचा आकडा आला की लिहा, आणि मुठेचं पाणी नेमकं कुठल्या घाटावरून आणि कुठल्या महिन्यात भरलंत तेही. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं की नदी आटलेली होती, यावर अर्धं उत्तर बदलतं.